हवानातलं आमचं घर

मायामीतल्या आमच्या दोन खोल्यांत आजीने हवानातल्या एका निळ्या बंगल्याचा फोटो लावला होता. "हे आपलं घर. क्रांती झाली आणि हातचं गेलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. साठ वर्षांनी मी हट्टाने तिला त्याच दारात आणून उभं केलं.

मायामीहून आलोय म्हटल्यावर दारातल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"घर मागायला आलात ना? आम्ही हलणार नाही, सांगून ठेवते!"

"आजीला फक्त एकदा बघू द्या," मी म्हणाले. आजी माझा दंड ओढत होती. "चल गं, जाऊ या."

आतून बाईचे म्हातारे वडील काठी टेकत आले. आजीकडे बघतच राहिले.

 

"दार सोड गं. ही कसली मालकीण! ही ओतिलिया, तुझ्या आईबरोबर इथं भांडी घासायची."