टिंग

नवऱ्याचं, विनीतचं, तेरावं झालं आणि त्याच्या ऑफिसने कळवलं की अकाउंट बंद होणार. म्हणून दुपारी ठाकुर्लीच्या घरी मी त्याचे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. थांबत थांबत येत होते. दर वेळी टिंग वाजायचं.

टिंग वाजलं की स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणायच्या, "आले रे."

विनीतने हाक मारली की त्या असंच म्हणत. मला ऐकवेना. मी आवाज बंद केला. मेल येतच राहिले.

तेवढ्यात कीबोर्डशेजारी ठेवलेलं त्यांचं कानाचं मशीन दिसलं. त्याशिवाय त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

सासूबाई बाहेर आल्या. हातात विनीतचा कप, चहाने भरलेला.

"गप्प का गं झाला तो?"