अळ्यांचा सोमवार

"अळीयंत्र चुकत नसतं, ताई," हवालदार म्हणाले तेव्हा शाल्मलीला ते यंत्रच उचलून आपटावंसं वाटलं. मृतदेहावरच्या अळ्या किती वाढल्यात ते बघून यंत्र मृत्यूचा वार सांगायचं, आणि कोर्ट डोळे मिटून मान्य करायचं. खून झालेल्या ओजसच्या अंगावरच्या अळ्या चांगल्या गलेलठ्ठ निघाल्या, म्हणून यंत्राने सोमवार सांगितला. सोमवारी त्याच्या खोलीवर शाल्मलीचा दादा होता, म्हणून पोलिसांनी त्यालाच धरलं. मंगळवारपासून तर तो नागपुरात होता!

पण ओजस कोकेन घ्यायचा. असं शरीर खाऊन अळ्याही भराभर वाढतात. एवढं कळलं असतं तर यंत्राने बुधवार सांगितला असता. आता ओजसचं दहन झालं होतं, मोजलेल्या अळ्याही यंत्राने जाळल्या होत्या. उरला होता एकच प्रश्न, आणि कायद्याने त्याचं उत्तर ओजसच्या आईनेच द्यायचं होतं. मृत व्यक्ती नशा करायची का? पडद्यावर 'हो' आणि 'नाही' चमकत होतं.

"मृदुलाकाकू, पाया पडते तुमच्या, 'हो' दाबा ना! तुम्हाला सगळं माहितीये."

"तुझा दादा जिवंत आहे गं. आज ना उद्या सुटेल. माझ्या ओजसचं नुसतं नाव उरलंय. त्यालाही गर्दुल्ला म्हणू?"

"अहो, पण मग त्याला मारणारा मोकळा फिरेल!"

काकूंचं बोट थबकलं.

"फिरू दे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी 'नाही' दाबलं.