वडिलांची काचपट्टी

किरणोत्सर्गाची गळती झालेल्या कारखान्यातल्या कामगारांचं रक्त तपासून तपासून तिचे डोळे शिणले होते. किरणं आंधळी असतात, पेशीतली गुणसूत्रं वाट्टेल तिथे तोडतात. इथे मात्र प्रत्येकाचं तेच एक गुणसूत्र, त्याच जागी तुटलेलं होतं.

"आपलंच काहीतरी चुकतंय," प्रयोगशाळेतले तिचे सर जांभई देत म्हणाले. "निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून बघ."

कपाटात तिच्या वडिलांच्या रक्ताची काचपट्टी होती. ती शिकत असताना त्यांनी हौसेने हात पुढे केला होता. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो कारखाना उभा राहिला. त्या धडधाकट पेशी तिला तोंडपाठ होत्या.

तिने पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली. गुणसूत्र त्याच जागी तुटलेलं होतं.

ती उठली आणि तिने सरांना जागा दिली.

"सर, काचेवर वाळवलेली पेशी मेलेली असते ना?"

"अगदी मेलेली. तिच्यात आता कसला बदल व्हायचा?"

सर वाकून बघत राहिले.

"तू पाहिलंस तेव्हा एकच तुटलं होतं ना गं?"

"हो."

"आता तिसरं तुटतंय."