रामाजीची जागा

“तुमाले एवढंच म्हनाचं हाये, बाई. रामाजीच्या तोंडाले दारूचा वास येत होता.”

कारखान्याचे मालक भैय्याजी बोलले आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिले. अरुंधती उभीच होती. मालकांनी तिला बस म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी आज ती बसली नसती. काल रामाजीला टाकीतून वर ओढलं तेव्हा त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरणारी तीच होती. वास होता, पण तो अमाइन या रसायनाचा. उग्र, शिळ्या मासळीसारखा. या कारखान्यात राबणाऱ्या प्रत्येकाच्या केसांना आणि कपड्यांना तो येतोच. तिच्या स्वतःच्या साडीलाही येत होता. रामाजी दारूला कधी शिवला नव्हता.

कारखाना वायूचा. दगडी कोळशाचा कोक जाळायचा, त्याचा धूर उंच मनोऱ्यातून वर सोडायचा आणि वरून त्यावर अमाइनचं द्रावण झिरपत ठेवायचं. द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड तेवढा पिऊन घेतं. मग ते उकळलं की वायू मोकळा होतो. तो सिलिंडरात दाबून भरायचा आणि सोडावाल्यांना धाडायचा. वायू प्यालेलं द्रावण जमिनीखालच्या एका टाकीत साठतं, तिच्या तळाला गाळ धरतो, आणि गाळ काढायला माणूस उतरतो. टाकी उपसली तरी गाळातून वायू सुटत राहतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळालाच साचतो. दिसत नाही, वास देत नाही. माणूस खरवडायला खाली वाकला की संपला.

ब्लोअरनं ताजी हवा सोडल्याशिवाय टाकीत कुणाला पाठवू नका, हे सांगून सांगून अरुंधतीचं तोंड दुखलं होतं. ब्लोअर होळीपासून जळून पडला होता. मे महिना, नागपूरचं ऊन, सोडावाल्यांचा तगादा. काल ती प्रयोगशाळेत असताना रामाजीला खाली उतरवलं.

“इन्स्पेक्टर उद्या येईन. तुमी केमिस्ट, तुमचं तो मानीन,” भैय्याजी म्हणाले.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तं मंग दुसरी नौकरी पाहून घ्याजा.”

दुसरी नोकरी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईमाणूस आम्ही कारखान्यात घेत नाही, असं ऐकत ती विदर्भभर हिंडली होती. शिकलेलं कामी आलं ते इथेच.

“मी खरं तेच सांगणार, भैय्याजी,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

रामाजीच्या घरी जायला ती सायकलरिक्षात बसली. सक्करदऱ्याचा तलाव दिसू लागेपर्यंत तिचं मन हलकं झालं होतं. आपण वाकलो नाही, याचा तिला आनंद होत होता. माणूस जाऊन दिवस झाला नाही आणि आपल्याला आनंद होतो, याची लाजही वाटत होती.

रामाजीच्या घरात बायका भिंतीला धरून बसल्या होत्या. त्याची बायको कौशल्या कोपऱ्यात, गुडघ्यात मान घालून. अरुंधती तिच्याजवळ जमिनीवर बसली.

“कौशल्याबाई, मालक म्हणतात रामाजी प्यालेले होते. मी तसं म्हणणार नाही. उद्या इन्स्पेक्टरसमोर सगळं सांगते. कारखान्याला कुलूप लागलं तरी चालेल.”

कौशल्यानं मान वर केली. बायकांना तिनं हातानंच बाहेर जायला खुणावलं.

“तसं नोका करू, बाई.”

“अहो, का?”

“मालक सकाळीच येऊन गेले. मी हो म्हनली.” तिचा आवाज कोरडा होता. “ज्या मानसानं जलमात शिसी हातात धरली नाही, त्याले मी बेवडा केलं. अजून त्याची राख थंडी नाही झाली. पन रुपरावले कामावर घेऊन राहिले ना ते. तेरवी झाली का लागला. बापाच्या जागेवर. मांगं दोन पोरी हायेत माह्या. कुलूप लागलं तं आमाले कोन पोसन?”

अंगणात रुपराव बसला होता. नुकतंच मुंडन झालेलं डोकं, बापासारखेच रुंद खांदे. कुणीतरी दिलेला चहा त्याच्या हातात तसाच निवत होता.

अरुंधती म्हणाली, “ब्लोअर अजून बंदच आहे, कौशल्याबाई. त्यालाही तिथेच उतरवतील.”

“ठाऊक हाये मले.”

कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं, अंगणाकडे एकदा पाहिलं आणि अरुंधतीच्या अगदी कानाशी येऊन हळूच विचारलं,

“तुमी शिकलेल्या बाई. एवढंच सांगा मले, पोराले सांगून ठेवतो. आत उतरल्यावर कितीक वेळ श्वास धरून ठेवाचा असते?”