सातव्यांदा परत आलेलं पान

"हे वाक्य कुणी लिहिलं?" लाल शाईची रेघ ओढत सालोमेनाने विचारलं. "आपल्या प्रागमध्ये असं कोण बोलतं, मास्तर? क्रियापद शोधायला नदी ओलांडून पलीकडे जावं लागतंय!"

छपाईचे खिळे जुळवणारी माणसं खो खो हसली. मास्तर विक्टोरिन कानापर्यंत लाल झाले. विद्यापीठात ते लॅटिन शिकवायचे. विद्यार्थी त्यांच्यासमोर चळचळा कापत. इथे मात्र छापखानेवाल्या बुरियनची मुलगी त्यांना तेच पान सातव्यांदा परत देत होती.

बोहेमियाच्या शहरांची बखर त्यांनी चेक भाषेत लिहायला घेतली, तेव्हा त्यांच्या चेकला लॅटिनचा वास यायचा. तो सालोमेनानेच घालवला. आता प्रत्येक वाक्य ते आधी मनातल्या मनात तिला ऐकवत आणि मगच कागदावर उतरवत. बखर लिहून कधीच झाली, पण छापायला काही जाईना. ईस्टर होऊन गेला, बाजारात चेरी आल्या, तरी दुरुस्त्या चालूच.

आज त्यांनी पान घेतलं नाही.

"राहू दे ते. मी सकाळी विद्यापीठ सोडलं."

हशा थांबला. बुरियनबाबा हात पुसत पुढे आले. "वेड लागलं का? पुढच्या महिन्यात विद्यापीठाचे मुख्य नेमणार होते ना तुम्हाला?"

"तिथे लग्न झालेल्याला शिकवता येत नाही."

"पण तुमचं कुठे झालंय?"

"व्हावं असं वाटतंय." विक्टोरिन सालोमेनाकडे वळले. रस्ताभर घोकलेलं वाक्य नेमकं आताच पळालं. "तुम्ही... म्हणजे मी... इथेच राहीन. खिळे जुळवायला शिकेन. चालेल?"

सालोमेनाने लेखणी खाली ठेवली. बाबांकडे पाहिलं. बाबा तोंड फिरवून हसू दाबत होते. मग ती स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढून तिने विक्टोरिनच्या हातात ठेवलं. नवं कोरं, कातडी बांधणीचं. पहिल्या पानावर त्यांचंच नाव. त्यांनी भराभर पानं उलटली. सातव्यांदा परत आलेलं ते पानही आत होतं, त्यांनी तिसऱ्या वेळी लिहिलं होतं तसंच.

"हे... हे छापलं कधी?"

"नाताळात," सालोमेना म्हणाली. "पण तेव्हाच सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता?"