चंदेरी इंजिन

वीस वर्षं कोरपना रोडवर जीप चालवलेले गुणवंतराव कमरेखाली लुळे पडून वर्षभर खाटेवर होते. आज त्यांच्या बायकोनं, भागीरथानं, खाट अंगणात जीपशेजारी ओढली, बॉनेट उघडलं आणि ते सांगतील तसं इंजिन रंगवायला घेतलं.

"आधी घासलेटानं तेल पुसून काढ. तेलकट लोखंड रंग धरत नाई."

"काढलं जी. दिवाळीले तुमीच चालवसान, पाहा."

डॉक्टरांनी हात टेकले होते आणि जीपचा सौदाही ठरला होता. यातलं काहीच तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

इंजिन चंदेरी झालं. गुणवंतराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"घेनारा उद्या येऊन राह्यला ना?" ते म्हणाले. "तो यायच्या आधी मले घरात नेऊन निजव."