चांदीची डबी

“गळ्यातली चांदी काढा, चमक दिसली की शार्क जवळ येतो,” मुरुडेश्वरच्या समुद्रात बोट थांबताच डायव्हिंगवाल्यानं बजावलं आणि हुपरीच्या सोमशेखरचं डोकंच फिरलं. या सहलीसाठी स्वतःच घडवलेल्या चांदीच्या डबीत त्याचं, लिंगायतानं कायम अंगावर बाळगायचं इष्टलिंग होतं, ते अंगावेगळं कसं करायचं? “अहो, माझ्यासारखं कापडात बांधा की,” बायको म्हणाली. “चांदीचा कारागीर मी, आणि गळ्यात फडकं?” तो खेकसला. ती पाण्यात उतरली, हा डिझेलच्या वासात जळफळत बसला. वर येताच तिचं तोंड थांबेना. “किती शार्क ओ! मोजायचंच सोडलं. एक तर पार गुडघ्याजवळनं गेला!” सोमशेखरनं दातओठ खात हात पुढं केला. “आण ते फडकं.” लिंग फडक्यात बांधून तो उठतोय तोवर डायव्हिंगवाला ओरडला, “आजचे सिलिंडर संपले, चला माघारी!” हातातली रिकामी डबी तेवढी उन्हात लखलखत होती.